सरळ केलेला मीटर

आमच्या धंद्यात वाकडेपणाला माफी नाही. कुपवाडच्या एमआयडीसीत आमचं लहानसं युनिट आहे. पंपांवर, बॉयलरवर दाबाचे मीटर बसतात, त्यांच्या डायली आम्ही छापतो. डायल केसभर जरी फिरून बसली तरी गिऱ्हाईक सगळा माल परत पाठवतं आणि वर चार शब्द ऐकवतं. त्यामुळे माझ्या नवऱ्याला, सम्मेदला, एक खोड लागली आहे. कुणाच्याही घरी गेला की तो आधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करतो आणि मग नमस्कार करतो. मला बघायला आला तेव्हा आमच्या बैठकीतली भगवान महावीरांची तसबीर त्यानं सरळ केली होती. माझ्या वडिलांना वाटलं, मुलगा फार धार्मिक आहे. मी मात्र तेव्हाच ओळखलं होतं की याच्याबरोबर संसार करायचा तर टॉवेलसुद्धा नीट वाळत घालावा लागणार.

घड्याळांचं वेड त्याचं आणि निस्तरणं माझं. मीटरच्या डायलींवर पोट भरतं, पण मन भरत नाही म्हणून त्यानं चावीची मनगटी घड्याळं करायला घेतली. आतलं यंत्र बाहेरून येतं. बाकी केस, काटे, डायल सगळं आमचं. डायल मी छापते. माझा हात त्याच्यापेक्षा स्थिर आहे, हे तोही मान्य करतो, फक्त चारचौघांत करत नाही. घड्याळं लोकांना आवडायची. ‘स्वच्छ काम’ म्हणायचे आणि विसरून जायचे. पुण्याच्या एका शौकीन माणसानं आमचं घड्याळ हातात उलटंपालटं केलं आणि म्हणाला, “सुरेख आहे. पण यात तुमचं काय आहे?” सम्मेदनं सांगलीपर्यंत नुसती गाडी हाकली. मी दोनदा विषय काढला आणि दोनदा खिडकीबाहेर बघत बसले.

त्यानंतर त्याला जुन्या स्पोर्ट्स कारचा नाद लागला. साठच्या दशकातल्या, दोन माणसांच्या, उघड्या टपाच्या. मी भाकऱ्या थापत असायचे आणि हा पाटावर मोबाइल ठेवून शिकवणी घ्यायचा. “हे बघ त्रिशला, ही गाडी आणि चावीचं घड्याळ सख्खी भावंडं आहेत. दोन्हीकडं दात्याला दाता लागतो आणि काटा फिरतो. घाटात गाडी पळत असताना माणसाला आकडा वाचायला सवड नसते. तो फक्त काटा कुठं कललाय ते बघतो. म्हणून त्यांनी डायलीवरनं नको ते सगळं काढून टाकलं. आणि हा मडगार्डचा बाक बघ. सुंदर दिसावं म्हणून केलेला न्हाई, आतलं चाक झाकायला केलाय. म्हणून सुंदर दिसतोय.” बोलणं पटण्यासारखं होतं, पण तव्यावरची भाकरी करपत होती. मी म्हटलं, “फोटो बघून घड्याळ करशील तर फोटोसारखंच होईल. कुठंतरी खरी गाडी बघ जा.”

खरी गाडी सापडली मेढ्यात. साताऱ्याला बँकेत नोकरी करणाऱ्या शिवांजली रांजणे नावाच्या मुलीनं सम्मेदची घड्याळं इंटरनेटवर पाहिली होती. त्याला गाडी हवी आहे हे वाचून तिनं फोन केला. म्हणाली, “आमच्याकडं एक आहे. माझ्या भावानं आणि आबांनी मिळून उभी केलेली. भाऊ कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. तेव्हापासून आबांनी तिच्यावर ताडपत्री टाकलीय, स्वतःही आत जात नाहीत. तुम्ही आलात तर निदान ताडपत्री तरी निघेल.” तिला घड्याळाशी काही देणंघेणं नव्हतं. तिला तिच्या वडिलांची काळजी होती आणि ती तिनं लपवलीही नाही.

कुपवाडहून आष्टा, इस्लामपूर, कराड करत आम्ही साताऱ्याला पोचलो, शिवांजलीला घेतलं आणि मेढ्याला गेलो. तिचे आबा, म्हणजे वडील, जोतीराम रांजणे, फौजेत जन्मभर गाड्या दुरुस्त करत होते. निवृत्तीनंतर गावात गॅरेज काढलं. पाचगणीच्या एका बंगल्यात ही विलायती गाडी गंजत पडली होती. मालकानं घेऊन जा म्हटल्यावर त्यांनी आणि त्यांच्या मुलानं, राजवर्धननं, ती खटाऱ्यावर घालून आणली आणि रोज संध्याकाळी तिच्यात डोकं घालून बसले. हे सगळं शिवांजलीनं सांगितलं. आबा आम्हाला शेडपर्यंत नेऊन दारातच उभे राहिले.

ताडपत्री निघाली तशी सम्मेदची शिकवणी बंद पडली. गाडी बसकी, गडद हिरवी, आपल्या बैलगाडीच्या जूइतक्या उंचीची असेल नसेल. पुढचं मडगार्ड दारापाशी खाली उतरायचं आणि मागच्या चाकावर परत वर चढायचं, त्या सगळ्या रेषेत कुठं सांधा दिसत नव्हता. सम्मेदनं खिशातली सोल्डरची मऊ तार काढून त्या बाकावर हलकेच दाबून बसवली आणि बाक जसाच्या तसा उचलला. त्याला घड्याळाच्या केसची कड मिळाली होती. मी मोबाइलवर फोटो काढत सुटले. चाकं, दिवे, बटणं, पुढचे गोल मीटर, सगळं. ड्रायव्हरच्या समोर दोन मोठे मीटर होते, एक वेगाचा आणि एक इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं ते दाखवणारा. या दुसऱ्यावर शून्य ते सात आकडे होते, म्हणजे तितके हजार फेरे, आणि सहाच्या पुढं लाल पट्टा. हाच मीटर सम्मेदला मनगटावर हवा होता. त्यानं विचारलं, “आबा, हा काढून कुपवाडला नेऊ का? मापं घेऊन परत आणून बसवतो.”

आबांनी दारातूनच सम्मेदच्या हातांकडं बघितलं. मग म्हणाले, “न्ह्या. पर हाय तसा परत बसला पायजे. माझ्या पोराचा हात लागलेला हाय त्या गाडीला. त्यातलं कायबी हललेलं मला चालायचं न्हाई.”

सम्मेदनं मान डोलावली. त्यानं मीटर काढला, फडक्यात गुंडाळला आणि माझ्या मांडीवर ठेवला. सांगलीपर्यंत मी तो तान्ह्या पोरासारखा धरून होते.

मापं घेऊन झाल्यावर आम्ही मीटर परत बसवायला गेलो. सम्मेद पुढच्या सीटवर पाठीवर झोपून, डोकं खाली आणि पाय दाराबाहेर, अशा अवस्थेत मागचे स्क्रू आवळत होता. मी समोरून डायल धरली होती. “सरळ हाय का?” त्यानं आतून विचारलं. मी बघितलं, तीन आणि चारच्या मधली रेघ बरोबर वर होती, दोन्ही बाजू सारख्या होत्या. “सरळ हाय,” मी म्हटलं. आबा याही वेळी दारातच उभे होते.

काम झाल्यावर शिवांजलीसकट सगळे ओट्यावर बसलो. आबांच्या बायकोनं, हरणाबाईंनी, आम्ही जैन म्हणून मुद्दाम कांदा-लसणाशिवाय पोहे केले होते. पोहे खाता खाता आबा आपण होऊन बोलायला लागले. “त्या इंजिनाचा क्रँक, त्यो आतला फिरता दांडा, चिरलेला हुता. म्या वेल्डिंग मारून घासून बसवला. पोराला म्हणलं, राजा, ह्यो जोडलेला माल हाय, चार हजार फेऱ्यांच्या वर न्हेऊ नगंस. वर न्हेलीस तर इंजिन बसलंच म्हणून समज. त्यो व्हय म्हणाला. आन् एका रविवारी केळघरच्या घाटात घेऊन गेला. स्टँडवरची माणसं मला सांगत आली, तुमचं पोरगं लय पळवतंय. म्हागारी आला तवा इंजिन ठोकत हुतं. म्या म्हणलं, वर न्हेलीस तू. त्यो न्हाई म्हणाला. म्या म्हणलं, इंजिन खोटं बोलत न्हाई.”

“आबा, राहू द्या,” शिवांजली म्हणाली.

“ऱ्हाऊ द्या कसं? खरं ते खरं.” आबांनी बशी खाली ठेवली. “किल्ली काढून घेतली. म्हणलं, बापाचा शब्द पाळता येत न्हाई त्यानं माझ्या गाडीत बसू नये. दुसऱ्या दिवशी पुण्याला निघून गेला. फोन आला तरी म्या उचलायचो न्हाई. मग ती लाट आली आन् त्यात त्यो गेला. मला तोंडसुदीक बघाय मिळालं न्हाई. पर आजबी सांगतो, ऐकलं असतं तर एवढं झालं नसतं. समद्या मेढ्याला ठावं हाय त्यानं माझं ऐकलं न्हाई ते.”

मला त्यांचा राग आला. मेलेल्या मुलावर अजून फिर्याद चालवणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. हरणाबाई ताटल्या उचलून आत गेल्या. परतताना सम्मेद म्हणाला, “राग न्हाई तो. तो राग सोडला तर त्यांच्याकडं काय उरतंय?” माझा नवरा कधीकधी शहाण्यासारखं बोलतो आणि मग पुढच्या चौकात चुकीच्या रस्त्याला वळतो. त्या दिवशी त्यानं दोन्ही केलं.

घड्याळाचा पहिला नमुना झाला. काळी डायल, बारीक पांढऱ्या रेघा, बुडाशी जाड आणि टोकाला निमुळता काटा, वर हेडलाइटसारखी फुगीर काच. केसची कड त्या सोल्डरच्या तारेवरून घेतलेली. सम्मेदनं माझ्या मनगटावर बांधलं आणि माझ्या तोंडाकडं बघत उभा राहिला. काय सांगू, घड्याळ देखणं होतं आणि मेलेलं होतं. मीटर आटवून मनगटावर ठेवल्यासारखं. गाडीपुढं उभं राहिल्यावर छातीत जे झालं होतं ते यात कुठंच नव्हतं. मी तसं सांगितलं. तो चिडला, मीही चिडले, आणि कामगार जेवायला गेले तेवढ्यात आमचं एक चांगलं कडाक्याचं भांडण झालं.

नंतर मी एकटीच पहिल्या दिवशीचे फोटो काढून बसले. म्हटलं, गाडीत असं काय आहे जे आपल्याकडून निसटलं? ताडपत्री नुकतीच निघालेली, कशालाही हात लागलेला नाही, असा मीटर बसवलेल्या समोरच्या फळीचा एक फोटो होता. तो मी मोठ्या पडद्यावर घेतला. वेगाचा मीटर सरळ होता. दुसरा मीटर डावीकडं कललेला होता. फार नाही. पण आमच्या युनिटमध्ये असता तर मी तो लांबूनच बाजूला काढला असता.

मी सम्मेदला हाक मारली. “हा वाकडा होता?”

“होता की,” तो म्हणाला. “म्हणून तर बसवताना सरळ केला. तूच धरला होतास.”

खरंच मीच धरला होता. त्याचा हात आपोआप सरळ करायला गेला आणि माझा डोळा आपोआप सरळ शोधत राहिला. ‘हाय तसा’ या शब्दांचा अर्थ आम्हा दोघांच्या डोक्यात ‘सरळ’ असाच होतो, दुसरा होतच नाही.

मी पडद्यावर मीटरच्या मधोमध एक उभी रेघ ओढली. रेघ वर जिथं टेकली तिथं आकडा होता चार.

“रेसवाले लोक मीटर मुद्दाम फिरवून बसवायचे,” सम्मेद हळूच म्हणाला. हे त्यानंच मला कधीतरी भाकरीच्या वेळी सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं. “जिथं थांबायचं तो आकडा बरोबर वर यावा म्हणून. मग मीटर वाचावा लागत न्हाई. काटा उभा राहिला की समजायचं, बास, आता पाय उचल. पण ते लाल पट्टा वर आणतात. इथं तर लाल पट्टा सहाला आहे, म्हणून मला वाटलं नुसताच वाकडा बसलाय.” बोलता बोलता तो थांबला. त्याला कळलं. मला आधीच कळलं होतं.

राजवर्धननं लाल पट्टा वर आणला नव्हता. बापानं सांगितलेला चार वर आणला होता. आणि आम्ही तो पुसून टाकला होता, आमच्या त्या सरळपणाच्या खोडीपायी.

“आबांना सांगायला पाहिजे,” मी म्हटलं.

सम्मेद लगेच हो म्हणाला नाही. त्याची बाजू मी सांगते, कारण ती अगदीच टाकाऊ नव्हती. कायबी हललेलं चालायचं न्हाई असं आबांनी बजावलं होतं. आपण हलवलं हे कळलं की ते दाराबाहेर काढतील आणि घड्याळ तिथंच संपेल. ते एक वेळ सोसता येईल. पण मीटर खरंच नुसता सैल होऊन फिरला असला तर? एका म्हाताऱ्या बापाला आपण आशा दाखवायची आणि ती खोटी निघायची, तर त्याच्या हातात आधी होता तो रागसुद्धा राहणार नाही. “गप बसलो तर आहे ते चाललंय की,” तो म्हणाला.

“काय चाललंय?” मी विचारलं. “तो बाप रोज लोकांना सांगतोय, माझ्या पोरानं माझा शब्द मोडला. त्या पोराला उत्तर द्यायला तोंड नाही. त्याची एकच साक्ष होती, तीही आपण फिरवून ठेवलीय. तू येणार नसशील तर मी एसटीनं जाईन.”

तो आला. गाडी त्यानंच चालवली.

आबांना आम्ही ओट्यावर बसवून सांगितलं. खरं तर बोलले मी. सम्मेद फक्त “चूक माझी आहे” एवढंच म्हणाला आणि मान खाली घालून बसला. मी मोबाइल पुढं केला, उभी रेघ दाखवली, चारचा आकडा दाखवला. शिवांजली साताऱ्याहून आली होती, तिनं तोंडावर हात धरला. आबांनी मोबाइल हातात घेतला, डोळ्यांपासून लांब धरला, परत जवळ आणला.

“सैल पडून फिरला आसंल,” ते म्हणाले.

“असेलही,” मी म्हटलं. “आम्हाला ठाऊक नाही, आबा. म्हणूनच आलो.”

ते उठले. अंगणात जरा वेळ उभे राहिले, मग शेडकडं गेले. दारात थांबतील असं मला वाटलं, पण थांबले नाहीत. त्यांनी स्वतः ताडपत्री ओढून काढली, दार उघडलं आणि पाय आत घालून त्या बसक्या सीटवर बसले. म्हणाले, “बॅटरी द्या.” शिवांजलीनं मोबाइलचा उजेड धरला. आबांनी वाकून फळीच्या मागं हात घातला आणि मान वाकडी करून बघायला लागले. आम्ही तिघं बाहेरून बघत होतो. त्यांचं तोंड दिसत नव्हतं.

“हितं पिवळी रेघ हाय,” ते आतून म्हणाले.

सम्मेद म्हणाला, “हो. मीटरवर थोडी आणि त्याला मागून आवळणाऱ्या पट्टीवर थोडी. मला वाटलं, कुठला तरी रंग सांडलाय.”

“सांडलेला न्हाई.” आबांचा आवाज बदलला होता. “फौजेत आमी बोल्ट शेवटचा आवळला की त्याच्यावरनं रंगाची एक रेघ वढायचो. निम्मी बोल्टवर, निम्मी खाली. रेघ जुळलेली आसली म्हंजे काम पक्कं. तुटली म्हंजे कायतरी हललं. पोराला म्याच शिकवलं हुतं. माझी रेघ पांढरी आसती. पिवळी त्याची.” जरा थांबून म्हणाले, “त्यानं मीटर फिरवून, आवळून, वर रेघ वढल्या. सैल बियल कायबी पडला नव्हता.”

सम्मेद पुढं झाला आणि त्यानं मागचे स्क्रू थोडे ढिले केले. आबांनी दोन्ही हातांनी मीटर धरला आणि हळूहळू डावीकडं फिरवायला सुरुवात केली. डोळे मागच्या रेघेवर होते. एका जागी त्यांचे हात थांबले. “जुळली,” ते म्हणाले, आणि मग मान वर करून समोर बघितलं. चारचा आकडा बरोबर वर उभा होता.

हरणाबाई चहाचा ट्रे घेऊन शेडच्या दाराशी कधी आल्या ते आम्हाला कळलं नव्हतं. नवऱ्याला गाडीत बसलेलं बघून त्यांनी ट्रे तिथंच एका टायरवर ठेवला.

“हरणे,” आबा म्हणाले, “त्यानं चारच्या वर न्हेली नव्हती.”

“मला काय म्हाईत त्यातलं,” त्या म्हणाल्या. “पर त्या दिशी त्यो तुमाला म्हणत हुता, आबा, एकदा गाडीत बसून बघा तरी. तीनदा म्हणला. तुमी बसला न्हाई.”

आबांनी स्टिअरिंगवर हात ठेवले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. “मग इंजिन का ठोकलं?” ते स्वतःलाच विचारत होते आणि उत्तरही तेच देत होते. “चारातच ऱ्हाऊन ठोकलं म्हंजे काम माझंच कच्चं हुतं. जोड माझाच सुटला. आन् आळ म्या त्याच्यावर घातला. त्यो पुण्यासनं फोन करत हुता आन् म्या उचलत नव्हतो.”

शिवांजली दुसऱ्या बाजूनं गाडीत शिरली आणि त्यांच्या शेजारी बसली. तिला रडू आवरत नव्हतं. मलाही आवरलं नाही. सम्मेदनं स्क्रू आवळले. या वेळी त्यानं मला सरळ आहे का असं विचारलं नाही, रेघ जुळलेली आहे का ते आबांना विचारलं. आबा म्हणाले, “व्हय, जुळल्या.” मग ते गाडीतून उतरले, खुंटीवरची टोपी घेतली आणि चपला घालायला लागले.

“आवं, चहा?” हरणाबाई म्हणाल्या.

“स्टँडवर जाऊन येतो,” ते म्हणाले, आणि गेले. सम्मेदनं कायबी हलवायचं नव्हतं हे ते विसरले होते की त्यांना ते आता महत्त्वाचं वाटत नव्हतं, मला सांगता येणार नाही. जाताना त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला तेवढं मी बघितलं.

घड्याळाचं पुढं काय झालं तेही सांगून टाकते, नाहीतर तुम्ही विचारालच. कुपवाडला आल्यावर सम्मेदनं पहिला नमुना उघडला, डायल आणि यंत्र दोन्ही डावीकडं फिरवलं, राजवर्धननं मीटर फिरवला होता तेवढंच. आकडे निम्मे काढून टाकले. घड्याळात प्राण आल्यासारखं झालं. का ते मला नीट समजावता येत नाही, पण काटा आता रेघांवर नुसता फिरत नाही, कुठंतरी निघाल्यासारखा वाटतो. सरळ डायल छापून माझं आयुष्य गेलं, आणि आता ही वाकडी बसलेली बघताना माझा हात दर वेळी ती सरळ करायला जातो. अधूनमधून एखादं गिऱ्हाईक तक्रार करतं की डायल वाकडी बसली आहे. सम्मेद म्हणतो, आठवडाभर घालून बघा. बहुतेक लोक परत पाठवत नाहीत. एकानं पाठवलं, त्याला आम्ही दुसरं सरळ दिलं आणि नमस्कार केला.

पण त्या दिवसाचं सांगायचं राहिलं. सूर्य मावळायच्या आत जेवायचं म्हणून हरणाबाईंनी डबा भरून दिला आणि आम्ही निघालो. आबा अजून परतले नव्हते. मेढ्याच्या स्टँडपाशी रस्ता अरुंद आहे, समोरून एसटी वळत होती म्हणून सम्मेदला गाडी थांबवावी लागली. चहाच्या हॉटेलात बाकावर आबा बसलेले दिसले. त्यांच्याभोवती गावातली पाचसहा माणसं होती, काही त्यांच्याच वयाची, काही तरणी. चहा तसाच पडला होता आणि आबा बोलत होते. काय बोलत होते ते एसटीच्या आवाजात ऐकू येत नव्हतं. त्यांनी उजव्या हाताचं कोपर टेबलावर टेकवलं होतं. हात डावीकडं आडवा पाडून ते हळूहळू वर उचलत होते आणि तो बरोबर उभा झाला की तिथंच धरून ठेवत होते. कुणीतरी काहीतरी विचारलं. त्यांनी हात परत खाली पाडला आणि पुन्हा पहिल्यापासून दाखवायला सुरुवात केली.

“थांबायचं का?” सम्मेदनं विचारलं.

“नको,” मी म्हटलं. “सांगू दे त्यांना.”